चासी घरची, पासिंग सरकारी

मोठ्या मोसंबीएवढा, शंभर मिलिमीटर व्यासाचा एक गोळा हातात घेऊन ब्रिटनमधला सरकारी तपासनीस घरी बांधलेल्या गाडीभोवती फिरतो. बाहेरून जिथे जिथे हा गोळा टेकू शकतो, तिथली प्रत्येक कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येनं गोलावलेली हवी. मडगार्डची कड, आरशाचा दांडा, नंबर प्लेटचा ब्रॅकेट, पुढे उघड्यावर दिसणारे सस्पेन्शनचे हात, सगळं या गोळ्याखालून जातं. एखाद्या बोल्टचं टोक नागडं राहिलं तर तेवढ्यावरून गाडी परत जाते. आतल्या भागासाठी दुसरा, १६५ मिलिमीटरचा गोळा असतो. तो माणसाच्या डोक्याच्या अंदाजानं घेतलेला आहे. टक्कर झाली तर डोकं डॅशबोर्डवर कुठे आपटेल, हे त्यावरून पाहतात.

या तपासणीचं नाव 'इंडिव्हिज्युअल व्हेईकल अप्रूव्हल'. गाड्या बांधणारे तिला 'आयव्हीए' म्हणतात. ती २००९ साली सुरू झाली. त्याआधी १९९८पासून 'एसव्हीए' नावाची थोडी सौम्य तपासणी होती. कारखान्यात एका नमुन्याच्या हजारो गाड्या निघतात, म्हणून तिथे नमुना तपासतात. इथे हजारो गाड्या नसतात. एक माणूस, एक गॅरेज आणि एक गाडी, आणि तपासायची ती नेमकी तीच गाडी. हा फरक छोटा वाटतो, पण मला या लेखात जे सांगायचं आहे ते सगळं त्यात आहे. सामान्य माणसानं स्वतःच्या हातानं मोटार बांधावी आणि ती कायदेशीरपणे रस्त्यावर आणावी, यासाठी एका देशानं कडक पण उघडं दार ठेवलं आहे. आपल्याकडे ते दार नाही.

ब्रिटनमध्ये ही हौस रुजली ती गरजेपोटी. ऑस्टिन सेव्हन ही स्वस्त गाडी १९२२ ते १९३९ या काळात तिथे घरोघरी पोचली होती. युद्धानंतर तिच्या जुन्या सांगाड्यांवर तरुण पोरं आपापल्या शर्यतीच्या गाड्या उभ्या करू लागली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकलेला कॉलिन चॅपमन त्यांतलाच एक. मैत्रिणीच्या, म्हणजे हेझल विल्यम्सच्या, आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये त्यानं १९४८ साली पहिली गाडी बांधली. पुढे त्यानं लोटस ही कंपनी काढली आणि १९५७ साली 'लोटस सेव्हन' बाजारात आणली. तयार मोटारीवर तेव्हा जबर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून सेव्हन खोक्यांतून घरी यायची आणि गिऱ्हाईक ती रविवारी जोडत बसायचं. जोडणीची पुस्तिका सोबत दिली तर कर लागेल, म्हणून लोटसनं गाडी 'उकलण्याची' पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकांनी ती उलटीकडून वाचली, अशी गोष्ट तिथे अजून सांगतात. १९७३ साली खरेदी कर गेला, व्हॅट आला आणि किट घेण्याचं कराचं कारण संपलं. त्याच वर्षी लोटसनं सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या विक्रेत्याकडे सोपवले. कर गेला, तरी हौस टिकली. आज पन्नास वर्षांनंतरही कॅटरहॅमची गाडी किटमध्ये विकत मिळते.

कॉव्हेंट्रीजवळ स्टोनले इथे मे महिन्याच्या सुरुवातीला किट कारवाल्यांची मोठी जत्रा भरते. तिथे बॉडी नसलेले नुसते सांगाडे रांगेनं मांडलेले असतात आणि लोक त्यांच्यासमोर ओणवे होऊन वेल्डिंगचे सांधे न्याहाळतात. पहिल्यांदा येणारा माणूस मात्र बॉडीवर भुलतो, कोब्रासारखी दिसणारी फायबरची लालभडक बॉडी पाहून पैसे मोजतो. अनुभवी माणूस आधी खाली वाकून चासी बघतो. तेच बरोबर आहे, कारण पुढे तपासनीस ज्यावर बोट ठेवणार त्यातल्या निम्म्याअधिक गोष्टी चासीनं आधीच ठरवून टाकलेल्या असतात.

चासीचे प्रकार पुष्कळ सांगता येतील, पण घरी बांधणाऱ्यापुढे खरी निवड दोन-तीन प्रकारांतच असते. सगळ्यात सोपी शिडीची चासी: दोन लांब पोलादी गर्डर आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. आपली जीप, आपला ट्रक याच जातीचे. एसी कोब्रा ही गाजलेली गाडीही त्याच कुळातली. जॉन टोजेरोच्या आराखड्यावरून एसी कंपनीनं दोन गोल नळ्यांवर आधी 'एस' उभी केली आणि तिच्यातूनच पुढे कोब्रा आली. आजच्या कोब्राच्या नकला बहुतेक जाड चौकोनी पाइपांच्या शिडीवर असतात. शिडी बांधायला सोपी, दुरुस्तीला सोपी. तिचा दोष एकच. ती पिळवटते. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खा सांगाडा थोडा मुरडतो. ट्रकला ते चालतं, काही अंशी हवंही असतं. हलक्या स्पोर्ट्स कारला चालत नाही, कारण चासीच मुरडली तर स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांचं सगळं गणित वाया जातं.

दुसरी जात कण्याची. मधोमध पत्र्याची एकच बंद पेटी आणि दोन्ही टोकांना फाटे. १९६२ची लोटस इलान अशी होती. तिच्या मागे रॉन हिकमन हा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला डिझायनर होता. घरोघरच्या गॅरेजांत दिसणारं 'वर्कमेट' हे घडीचं कामाचं टेबलही त्याचंच. ज्या माणसानं गाडीचा कणा आखला, त्याच्याच टेबलावर हौशी लोक आज पाइप कापतात, हे मला फार आवडतं.

तिसरी जात स्पेस फ्रेम, आणि सेव्हनच्या घराण्यातल्या गाड्यांचा सगळा संसार हिच्यावर. इथे जरा थांबायला हवं. चार पाइपांचा चौकोन जोडा आणि कोपऱ्यातून ढकला, तो कलंडतो. त्यात एक तिरपा पाइप घाला, तो हलत नाही. बारीक, पातळ पाइपांचे असे त्रिकोण जिकडेतिकडे रचले की थोड्या वजनात भक्कम सांगाडा उभा राहतो. कागदावर हे शाळकरी मुलालाही कळतं. अडचण अशी की गाडीत माणसं बसवायची असतात आणि इंजिन कधीतरी बाहेर काढायचं असतं. त्या दोन भोकांत तिरपा पाइप घालता येत नाही. मग बसायच्या जागेच्या दोन्ही बाजू उंच कराव्या लागतात आणि मधला बोगदा मजबूत करावा लागतो. १९५४च्या मर्सिडीज ३०० एसएलचे दरवाजे पंखांसारखे वर उघडतात ते याच कारणानं. तिच्या स्पेस फ्रेमच्या बाजू इतक्या उंच होत्या की नेहमीचा दरवाजा बसायला जागाच उरली नव्हती. सेव्हनमध्ये दरवाजाच नाही, पाय टाकून आत उतरायचं. म्हणून चासी निवडताना इंजिनची खोली नीट पाहावी. तिथे वरच्या बाजूला बोल्टनं काढता-घालता येणारा तिरपा पाइप दिला असेल तर बनवणाऱ्यानं विचार केला आहे असं समजावं.

१९९६ साली या छंदाला एक मोठं वळण मिळालं. औंडल या शाळेत शिकवणाऱ्या रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असं सांगणारं पुस्तक लिहिलं. इंचभर चौकोनी, सोळा गेजचा पाइप, मापांचे तक्ते, आणि इंजिनपासून मागच्या ॲक्सलपर्यंत सगळं देणारी एक भंगारातली फोर्ड एस्कॉर्ट मार्क टू. त्या पुस्तकातून 'लोकॉस्ट' नावाचं घराणंच तयार झालं. चासी विकत घ्यायचीही गरज उरली नाही. प्लायवूडच्या सपाट पाटावर आराखडा काढायचा, पाइप ठोकळ्यांत अडकवायचे, आधी सगळीकडे नुसते टॅक मारायचे, कर्ण मोजायचे आणि मगच पक्कं वेल्डिंग, तेही एका बाजूचं झालं की लगेच दुसऱ्या बाजूचं. एकाच कोपऱ्यात सलग वेल्डिंग केलं तर उष्णतेनं चासी केळ्यासारखी वाकते.

पण त्या पुस्तकातली एस्कॉर्ट आज हौशी लोकांची लाडकी झाली आहे. ती फोडून भाग काढणं परवडत नाही. म्हणून पुढची पिढी फोर्ड सिएराकडे वळली, मग माझदा एमएक्स-फाइव्हकडे. दाता गाडी, म्हणजे जिचे भाग काढून घ्यायचे ती, बदलली की चासी बदलते, कारण मागचा ॲक्सल अखंड आहे की चाकं स्वतंत्र लटकतात यावर मागचे सगळे ब्रॅकेट ठरतात. एमएक्स-फाइव्हची सोय अशी की पुढचं-मागचं सस्पेन्शन तिच्या सबफ्रेमसकट उचलून नव्या सांगाड्यावर बसवता येतं. भूमिती कारखान्याचीच राहते, आणि हे तपासणीच्या दिवशी फार कामाला येतं.

मूळचा कोल्हापूरचा एक इंजिनिअर कॉव्हेंट्रीच्या बाजूला राहतो. त्याच्या गॅरेजमध्ये अशीच एक अर्धवट गाडी उभी आहे. वेल्डिंग तो उद्यमनगरात काकांच्या शेडमध्ये शिकला. तरी चासी त्यानं तयार विकत घेतली. मी विचारलं, "तुझ्या हातात कला असताना पैसे का घातलेस?" तो म्हणाला, "पाइप जोडायला काय, मी रात्रीत जोडीन. पण कॅस्टर कोण देणार? ब्रॅकेट दोन मिलिमीटर इकडं-तिकडं गेला की स्टिअरिंग सरळ येत नाही बघा. मग सगळं कापा आणि पुन्हा लावा."

तो ज्याबद्दल बोलत होता ती आयव्हीएमधली कुप्रसिद्ध परीक्षा आहे. गाडी हळू वेगात वळणात घालायची आणि स्टिअरिंग सोडायचं. चाकं आपणहून सरळ व्हायला हवीत. जड गाडीत हे सहज होतं. पाचशे किलोच्या आसपासच्या गाडीत पुढच्या चाकांवर वजनच थोडं असतं, त्यामुळे कॅस्टरचा कोन, म्हणजे चाक ज्या उभ्या रेषेभोवती वळतं तिचा मागे झुकाव, पुरेसा द्यावा लागतो. आणि तो कोन चासीवर वेल्ड केलेल्या कानांनी ठरतो. तिथे चूक झाली तर नंतर पान्यानं फार थोडी सुधारता येते.

सीट बेल्टचं तसंच. खांद्यावरून येणारा पट्टा जिथे अडकतो ती जागा सीटपासून ठरावीक उंचीवर हवी आणि तिथे बोल्टाला नुसता पत्रा चालत नाही, सांगाड्यात वेल्ड केलेली आटे पाडलेली जाड बुशिंग लागते. स्टिअरिंग कॉलम टकरीत छातीत घुसता कामा नये. म्हणून तो दबणारा असावा लागतो आणि मधले क्रॉस एका रेषेत असून चालत नाहीत. त्याची वाट चासीच्या पाइपांमधूनच काढायची असते. ब्रेक दोन स्वतंत्र सर्किटचे हवेत, तेल कमी झाल्याचा दिवा हवा, आणि जोरात ब्रेक मारल्यावर पुढची चाकं मागच्यांआधी अडकायला हवीत. मागची आधी अडकली तर गाडी गरगर फिरते. मागची बाजू हलकी असणाऱ्या गाडीत हे साधणं अवघड आहे. सायलेन्सरचा आवाज ९९ डेसिबलच्या आत. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये. धुराची मर्यादा इंजिनच्या वयावरून ठरते, म्हणून जुन्या इंजिनच्या जन्मतारखेचा पुरावा जपून ठेवावा लागतो.

तपासणीपूर्वी लोक टोकदार कडांवर रबराची पट्टी चिकटवतात, बोल्टांवर प्लास्टिकच्या टोप्या घालतात आणि पास होऊन घरी आल्यावर काही जण हे सगळं सोलून टाकतात. हा प्रकार मला अजिबात पटत नाही. ती अडीच मिलिमीटरची गोलाई रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या मांडीसाठी आहे, तपासनिसासाठी नाही.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण पुष्कळ गाड्या तिथेच अडकतात. गाडी धंद्यासाठी नव्हे तर स्वतः बांधली, हे दाखवायला बांधणीचे फोटो आणि पावत्या लागतात. चासीवर नंबर ठोकलेला असावा लागतो. आरक्षित वेळ असेल आणि विमा असेल तर बिननंबरची गाडी चालवत तपासणी केंद्रावर नेता येते. फी बरीच वर्षं साडेचारशे पौंड होती. प्रमाणपत्र मिळालं की नोंदणीसाठी डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याकडे. तिथे प्रश्न असतो: गाडीचं वय काय लावायचं? सगळे भाग नवे असतील तर चालू वर्षाचा नंबर मिळतो. नवी चासी आणि एका दाता गाडीतले दोन मोठे भाग असतील तर दात्याच्या वयाचा. वंशावळ सिद्धच होत नसेल तर 'क्यू'नं सुरू होणारा नंबर. १९८३ साली आलेला हा 'क्यू' गाडीच्या कपाळावर कायमचा बसतो आणि विकताना गिऱ्हाईक बिचकतं.

जुनी चासी कापून वापरणाऱ्यांना इथे विशेष जपावं लागतं. फोक्सवॅगन बीटलच्या तळावर बांधलेली बीच बगी हे त्याचं ठळक उदाहरण. कॅलिफोर्नियाच्या ब्रूस मेयर्सनं १९६४ साली 'मेयर्स मँक्स' आणली आणि पुढे बीटलचा तळ आखूड करून त्यावर फायबरची बॉडी चढवायची पद्धत जगभर पसरली. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं गुणांचा हिशेब चालला: मूळ न बदललेल्या चासीला पाच गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, इंजिनला एक. जुना नंबर टिकवायला आठ गुण हवेत, आणि त्यांत चासीचे पाच हवेतच. तळ कापला की पाच गुण गेले, मग बाकी सगळं मूळचं असलं तरी गाडी आयव्हीएच्या रांगेत उभी राहायची. इंजिनला एकच गुण आणि चासीला पाच, यातला विचार मला पटतो. गाडी म्हणजे तिचा सांगाडा.

आता आपल्याकडे येऊ.

कोल्हापूरच्या त्या इंजिनिअरला मी विचारलं, ही गाडी कधी गावाकडे नेशील का? "नेऊन काय करू? तिथं नंबर कोण देणार तिला?" एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा ब्रेकच्या पाइपाकडे वळला.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येणार नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ खाली बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. नवी गाडी बांधायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२६ आडवा येतो: निर्मात्यानं नमुना गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडे तपासणीला द्यायची. नमुन्याच्या चाचण्यांत गाडी भिंतीवर आदळवून पाहणंही येतं. ज्याच्याकडे एकच गाडी आहे, त्यानं ती आदळवायची कशी?

डिसेंबर २०२१मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावातल्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराची छोटी जीप देशभर गाजली. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. भंगारातले भाग, साठेक हजारांचा खर्च, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारं इंजिन. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि त्याच वेळी लिहिलं की नियमांत बसत नसल्यामुळे ती आज ना उद्या रस्त्यावरून थांबवली जाईल. बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२मध्ये त्या कुटुंबाला ती मिळाली. हा शेवट गोड आहे, आणि महिंद्रांचं मन मोठं. पण त्या कारागिराला कुणीतरी सांगायला हवं होतं की तुझ्या ब्रेकमध्ये हे कमी आहे, बेल्टची जागा इथे हवी, दुरुस्त करून आण, मग नंबर देतो. असं सांगण्याचा अधिकार असलेलं एकही टेबल आपल्याकडे नाही.

कायदा कडक का, हेही समजून घ्यावं लागतं. उत्तरेतल्या 'जुगाड' गाड्यांनी माणसं मेली आहेत. पाणी उपसायच्या इंजिनवर चालणाऱ्या त्या गाड्याही मोटार वाहनच आहेत आणि कायदा त्यांना लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये स्पष्ट केलं, ते योग्यच होतं. चोरीच्या गाड्यांचे चासी नंबर खोडून नवे ठोकण्याचा धंदाही खरा आहे. दार उघडलं तर आत आधी हे लोक घुसतील, ही भीती खोटी नाही. पण बांधणीचे फोटो, दात्याचं नोंदणीपुस्तक आणि प्रत्यक्ष तपासणी ही ब्रिटनमधली व्यवस्था नेमकी याच भीतीसाठी आहे.

शिवाय चासी वेगळी आणि बॉडी वेगळी, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. हायवेवर टपाविना, काचेविना, डोक्याला फडकं गुंडाळलेल्या ड्रायव्हरसह धावणारी ट्रकची नुसती चासी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. एसटीच्या लाल बसची बॉडी वर्षानुवर्षं दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या आपल्याच कार्यशाळांत टाटा आणि अशोक लेलँडच्या चासीवर चढत आली. बस बॉडीसाठी एआयएस-०५२ हे मानक आहे. कारखान्याबाहेर सीएनजी किट बसवून आणलेली गाडी आरटीओ तपासते आणि आरसीवर नोंद करते. २०२१च्या जुलैमध्ये तर पन्नास वर्षांवरच्या विंटेज गाड्यांसाठी 'व्हीए' ही खास नंबर मालिका आली आणि नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये ठरली. म्हणजे थोड्या हौशी माणसांसाठी वेगळा नियम करणं सरकारला जमतं.

तपासणारे हातही आहेत. वाहनं तपासणाऱ्या संस्थांपैकी पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासूनची एआरएआय आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई, भोसरीला सीआयआरटी. आणि बांधणारे हात? २००७ पासून भरणाऱ्या 'बाजा' स्पर्धेसाठी आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं रात्री जागून पाइपांचे सांगाडे वेल्ड करतात. मुख्य पाइप २५ मिलिमीटर व्यासाचा, तीन मिलिमीटर जाडीचा, पोलादात किमान ०.१८ टक्के कार्बन, आणि ब्रेक मारल्यावर चारही चाकं अडकली पाहिजेत, या अटींवर त्यांची गाडी मैदानात उतरते. तपासणीत नापास झालेली मुलं रात्रीत दुरुस्ती करून सकाळी पुन्हा रांगेत लागतात. पदवी घेतल्यावर हीच मुलं रस्त्यावर चालेल अशी गाडी बांधू म्हणाली, तर नियमात त्यांच्यासाठी ओळ नाही.

मागणी फार मोठी नाही. नियम १२६ च्या बाजूला हौशी बांधणीसाठी एक वेगळी तरतूद, धंद्याला मनाई आणि एका माणसाला ठरावीक वर्षांत एकच गाडी. चासीचा आराखडा आणि वेल्डिंगचे फोटो बांधणी सुरू असतानाच जमा करायचे, म्हणजे पत्रा चढल्यावर सांधे लपणार नाहीत. बेल्टच्या जागा, ब्रेकचा तोल, स्टिअरिंग, कडा आणि धूर यांची तपासणी पुणे किंवा अहिल्यानगरला. आदळवण्याच्या चाचणीतून सूट, पण म्हणूनच प्रवासी वाहतुकीला, शाळेच्या मुलांना किंवा भाड्यानं द्यायला कायमची बंदी, आणि तशी नोंद आरसीवर ठळक. नंबर वेगळ्या मालिकेचा, विंटेजसारखा, म्हणजे रस्त्यावरच्या पोलिसालाही लांबून कळेल की ही गाडी घरी बांधलेली आहे आणि तिचं पासिंग झालेलं आहे.